खाणीतला पांढरा दगड ओळखायची १९ व्या शतकातली पद्धत

पुण्याच्या आसपास खाण असो, विहीर असो नाहीतर बिल्डिंगच्या पायाचं खोदकाम, काळा पाषाण फुटला की आतल्या पोकळीत पांढरे, गुलाबीसर, पारदर्शक खडे दिसतात आणि आपण सरसकट "स्फटिक आहे" म्हणून मोकळे होतो. १८५६ ते १८६३ मध्ये भोर घाटातून रेल्वे काढताना डोंगर फोडला तेव्हाही हेच खडे निघाले. त्या काळातल्या केमिस्टकडे मशिनं नव्हती, होती ती आग, ॲसिड आणि चांगला तराजू, आणि एवढ्यावर ते दगड ओळखायचे. आजही जमतं, फक्त घाई करायची नाही.

खडे जमवायला वाघोलीकडच्या खाणींवर गेलात तर आधी खाणवाल्याची परवानगी घ्या, आणि सुरुंगाच्या वेळेला तिथे थांबूच नका. निळंशार कॅव्हनसाइट हे दुर्मिळ खनिज सापडलं तर नशीब समजा आणि ते कृपया जाळू नका, जगात त्याचे सगळ्यात देखणे नमुने वाघोलीचेच आहेत. टेस्टसाठी तुटकेफुटके तुकडेच वापरायचे.

सुरुवात सोप्यापासून. खड्याची थोडी पूड करून वर व्हिनेगर टाका, बुडबुडे आले की कॅल्साइट, विषय संपला. बुडबुडे नाहीत आणि खडा काचेवर सहज खोल ओरखडा काढतोय, तर बहुतेक क्वार्ट्झ. उरले ते स्टिलबाइट, ह्युलँडाइट, स्कोलेसाइट हे झिओलाइट नावाच्या खनिजगटातले खडे आणि त्यांच्या शेजारीच सापडणारं अपोफिलाइट, आणि खरी मजा इथून पुढे आहे कारण या सगळ्यांच्या पोटात पाणी असतं.

हे पाणी मोजायचं. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागेल आणि जाड काचेची बोरोसिलिकेट टेस्ट ट्यूब. तुकडे जाडसर कुटून, उन्हात वाळवून घ्या, रिकाम्या ट्यूबचं वजन लिहा, मग साधारण २ ग्रॅम चुरा घालून परत वजन. आता चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर तापवा, डोळ्यांवर गॉगल हवाच. ट्यूब जवळजवळ आडवी आणि तोंडाकडे किंचित उतरती धरायची, नाहीतर वर जमलेलं पाणी ओघळून गरम काचेवर येतं आणि ट्यूब तडकते. मिनिटभरात गार भागावर धुकं धरतं, मग थेंब दिसायला लागतात. दगडातून निघालेलं पाणी असं डोळ्यांसमोर जमताना बघणं मला तरी अजून भारी वाटतं. थेंब कापसाने टिपून घ्या, पाणी येणं थांबलं की गार करून लगेच वजन करा, लगेच म्हणजे लगेच, कारण झिओलाइट हवेतलं पाणी परत ओढून घेतं आणि पावसाळ्यातल्या पुण्यात तर विचारायलाच नको. गेलेलं पाणी दगडात परत येतं हे दामूर या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञाने १८४० च्या सुमाराला दाखवलं होतं.

स्टिलबाइटमध्ये पाणी साधारण १८ टक्के, म्हणजे २ ग्रॅममागे ०.३६ ग्रॅम घट. अपोफिलाइट आणि ह्युलँडाइटमध्ये १६ च्या आसपास, स्कोलेसाइटमध्ये १४ च्या. दिव्यावर सगळं पाणी निघत नाही म्हणून तुमचा आकडा थोडा कमी येईल, तेव्हा नुसत्या वजनावर निकाल देऊ नका.

मग सोनाराची फुंकणी घ्या. चिमट्यातल्या बारीक कपचीवर ज्योत फुंका: स्टिलबाइट लाहीसारखं फुलतं, स्कोलेसाइट वळत वाकडंतिकडं होतं, अपोफिलाइटचे पापुद्रे सुटतात. अपोफिलाइटमध्ये पोटॅशियम असल्याने ज्योतीला जांभळी झाक येते, पण सोडियमचा पिवळा रंग तिला झाकतो म्हणून निळ्या कोबाल्ट काचेतून बघायचं. अशाच ज्योतीचे रंग वर्णपटात बघून बुन्सेन आणि किरखॉफ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८६० मध्ये सीझियम हा धातू शोधला.

स्कोलेसाइटची शंका असेल तर पूड कोमट हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ठेवा, ती विरघळून नंतर सगळं जेलीसारखं घट्ट होतं, स्टिलबाइटचं तसं होत नाही. हे मात्र कॉलेजच्या लॅबमध्ये, सरांना विचारून, घरी नाही. स्टिलबाइट आणि ह्युलँडाइट यांत आकार बघा: स्टिलबाइटचे जुडगे मध्ये बारीक आणि टोकांना पसरलेले असतात.

ज्यांना ऑरगॅनिक केमिस्ट्री म्हणजे निव्वळ घोकंपट्टी वाटते त्यांनी तर हा प्रयोग कराच. लीबिग या जर्मन केमिस्टने १८३१ मध्ये हीच वजनाची युक्ती साखरेसारख्या पदार्थांवर वापरली, पदार्थ पूर्ण जाळायचा, निघालेलं पाणी कॅल्शियम क्लोराइडच्या नळीत आणि कार्बन डायऑक्साइड पोटॅशचं द्रावण भरलेल्या, पाच फुगे असलेल्या काचेच्या नळीत अडवायचा, आणि दोन्ही आधी-नंतर तोलायचे. १ ग्रॅम साखर जाळली की साधारण १.५४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ०.५८ ग्रॅम पाणी मिळतं. कार्बन डायऑक्साइडच्या ४४ भागांत १२ भाग कार्बन, म्हणजे साखरेत ४२ टक्के कार्बन. पाण्याचा नववा भाग हायड्रोजन, उरला तो ऑक्सिजन. गणित सातवीतलं, पण साखरेच्या फॉर्म्युल्यापर्यंत जाणारा रस्ता या आकड्यांवरूनच जातो.

प्रत्येक नमुन्यासाठी तीन वेगवेगळे तुकडे तापवा आणि तिन्ही आकडे लिहा, फक्त सरासरी नको. खडा कुठल्या खाणीतला तेही त्याच पानावर हवं, आणि न तापवलेला एक तुकडा पुडीत बांधून त्याच नंबराने ठेवून द्या.