‘मॅडम, मी तर फक्त पोहे खाते’: वजन उतरवताना नाष्ट्यात या चुका टाळा

सांगलीत आहारतज्ज्ञ म्हणून बसायला लागून मला १६ वर्षं झाली. समोरच्या खुर्चीवरची माणसं बदलत गेली, वाक्यं मात्र तीच राहिली. ‘सकाळी काही खातच नाही, तरी काटा हलत नाही.’ ‘आमचा नाष्टा अगदी हलका असतो हो.’ ‘मोबाईलवर बघितलं, नाष्टा बंद केला की पोट उतरतं म्हणे.’ आणि सगळ्यात लाडकं वाक्य: ‘पुढच्या महिन्यात पुतण्याचं लग्न आहे, तेवढं पाच किलो बघा की.’ पुतण्याचं लग्न जमवायला दोन वर्षं लागलेली असतात, पोट मात्र तीन आठवड्यांत उतरायला हवं.

आधी एक सांगते. वजन जादा आहे की नाही, हे आरशाला विचारू नका. आपल्या भारतीय शरीरासाठी बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ च्या पुढे गेला की जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. परदेशी तक्त्यात हेच आकडे २५ आणि ३० आहेत, म्हणून मोबाईलवर हिशेब करून खूश होणारे फार. त्याहून सोपं म्हणजे शिंप्याची टेप. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या वर असेल, तर पुढचं वाचा.

तेल डोळ्यानं ओतणं

माझ्या मते बाकीच्या सगळ्या चुका एका पारड्यात आणि ही एकटी दुसऱ्यात.

विश्रामबागेतल्या एक बाई, वय ५२, गुडघे दुखतात म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवल्या. घरात त्या आणि त्यांचे मालक, दोघंच. रोज पोहे. ‘मी तर फक्त पोहे खाते, तेही एक बशी.’ चार आठवडे तक्ता पाळला म्हणाल्या, काटा जागचा हलला नाही. माझा काटा बिघडला असेल असंही सुचवून झालं. शेवटी मी म्हटलं, उद्या सकाळी मीच येते तुमच्याकडे नाष्ट्याला.

गेले. ओट्यावर तेलाची किटली. कढई तापली, आणि बोलता बोलता बाईंनी किटली तिरकी केली. गेली ३० वर्षं त्या अशीच तिरकी करत होत्या. मी हात धरला. म्हटलं, ‘काकू, हेच तेल आता औषधाच्या मापात ओता, रोज ओतता तेवढंच.’ खोकल्याच्या बाटलीवरचं ते प्लास्टिकचं छोटं झाकण असतं ना, १० मिलीचं, ते. झाकण पाच वेळा भरलं. ५० मिली, दोन माणसांना. म्हणजे प्रत्येकाच्या बशीत २५ मिली तेल, दोनशेच्या वर कॅलरी, पोहे अजून पडायचेच होते.

मग बाकीचं मोजलं. कोरडे पोहे माणशी ६० ग्रॅम, कॅलरी २१०. शेंगदाणे २० ग्रॅम, ११० च्या पुढे. वरून शेव, चिमूटभर म्हणून घातलेली, ती निघाली २५ ग्रॅम, आणखी १३० च्या आसपास. एकूण साडेसहाशे. मी त्यांना दिवसभराला १४०० चा तक्ता दिलेला. अर्ध्या दिवसाचं रेशन सकाळी साडेआठला संपत होतं आणि त्याचं नाव होतं हलका नाष्टा. काका टेबलावर पेपर वाचत होते, ते नुसते ‘हं’ म्हणाले. त्या ‘हं’ मध्ये बरंच काही होतं.

आम्ही पोहे बंद केले नाहीत. पोह्यांचा काही गुन्हा नव्हता. तेल दोघांत मिळून दोन छोटे चमचे. शेव गेली. दाणे राहिले, कारण दाण्याशिवाय पोहे म्हणजे शिक्षा. पोहे थोडे कमी घेऊन बशीत वाटीभर मोड आलेल्या मटकीची उसळ. चार महिन्यांत साडेतीन किलो उतरले. गुडघ्यांचं काय झालं ते त्या जिन्याकडे बघून सांगतात.

माझी स्वतःची सवय सांगते, शास्त्र म्हणून नाही. महिन्याच्या एक तारखेला माणशी अर्धा लिटर तेल वेगळ्या बरणीत काढते. दोन माणसं, एक लिटर. बरणी २२ तारखेला संपली तर उरलेले आठ दिवस भाकरी, पिठलं, उकडलेलं. पहिल्या महिन्यात आमच्याकडे १७ तारखेलाच तळ दिसला होता. पळीनं ओतायचं नाही, डबीतल्या चमच्यानंच घालायचं. स्प्रे-बिप्रे, बिनतेलाची भांडी यावर पैसे घालवू नका, एक चमचा पुरतो.

‘नाष्टाच बंद केला’ (आणि याचा भाऊ: ‘नाष्टा हवाच’)

इथे आधी माझी चूक कबूल करते. पहिली कितीतरी वर्षं मी प्रत्येक तक्त्यावर लाल शाईनं लिहायचे: नाष्टा चुकवू नका, नाहीतर वजन वाढतं. कॉलेजात तेच शिकलो होतो. नंतर नीट प्रयोग झाले तेव्हा ते वाक्य टिकलं नाही. २०१४ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात जादा वजनाच्या ३०० च्या वर प्रौढांना १६ आठवडे गटागटांत विभागून बघितलं. काहींना नाष्टा करा सांगितलं, काहींना करू नका. वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. २०१९ मध्ये असे १३ प्रयोग एकत्र करून तपासले, तर नाष्टा करणारेच दिवसाला सरासरी २६० कॅलरी जास्त खात होते आणि न करणारे अर्धा किलोच्या आत-बाहेर हलके होते. ते प्रयोग फार भक्कम नव्हते, हे तपासणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय. पण ‘नाष्टा केला की चरबी पेटते’ म्हणणाऱ्यांचा आधार मात्र गेला. लाल शाई मी फेकून दिली.

म्हणून लगेच उड्या मारू नका. नाष्टा सोडून वजन उतरतं असंही त्यातून निघत नाही, कारण सुटलेला नाष्टा कुठेतरी परत येतोच. सांगलीत तो अकरा वाजता भडंगाच्या रूपात येतो. शाळेच्या स्टाफरूममध्ये, बँकेत, दुकानाच्या गल्ल्यामागे पुडा फुटतो, चुरमुरे हलके दिसतात, आणि तेल, दाणे, लसूण खाली बसलेले असतात. ‘मी सकाळपासून काही खाल्लं नाही’ असं सांगणाऱ्याची बोटं पिवळी असतात. मी बोटं बघते.

आता गोळ्या घेणाऱ्यांसाठी, आणि हे गमतीत घेऊ नका. तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार, पन्नाशीचे, साखरेची, म्हणजे मधुमेहाची, गोळी सकाळी नाष्ट्याबरोबर घ्यायची. व्हिडिओ बघून त्यांनी दुपारी एकपर्यंत काही खायचं नाही असं ठरवलं. गोळी मात्र नेमानं सकाळीच. डॉक्टरांना सांगितलं नाही, मला तर नाहीच. एप्रिलची खरड छाटणी चालू होती. अकराच्या सुमाराला बागेत हात थरथरायला लागले, शर्ट घामानं चिंब, बोलणं अडखळायला लागलं. सोबतच्या गड्याला वाटलं ऊन लागलं, म्हणून तो पाणी शोधत होता. शेडवरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी मात्र ओळखलं, त्यांच्या घरात साखर होती. रॅकवरचे मूठभर बेदाणे त्यांनी मालकाच्या तोंडात कोंबले. थोड्या वेळानं माणूस शुद्धीवर बोलायला लागला.

बेदाणे हाताशी होते म्हणून चाललं. खरं तर माणूस गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, ती लवकर चढते. पूर्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, गाडी काढायची. आणि इन्शुलिन किंवा साखर एकदम खाली आणणारी गोळी चालू असेल, तर नाष्ट्याची वेळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय तासभरसुद्धा सरकवायची नाही. बागायतदार नंतर मला म्हणाले, ‘मॅडम, व्हिडिओत गोळीचं काही सांगितलंच नव्हतं.’ तो माणूस तुमच्या गोळ्या कुठे बघतोय?

सकाळी भूक लागत असेल तर खा. नसेल लागत तर जबरदस्ती नको, पण अकराला डबा उघडा, पुडा नको. बरं, सकाळी भूकच लागत नाही याचं कारण बहुतेक वेळा रात्री साडेदहाचं जेवण असतं. स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला ३० जणांवर एक प्रयोग झाला, २०२२ मध्ये छापून आला. तेवढ्याच कॅलरी एकदा सकाळी जास्त, एकदा संध्याकाळी जास्त अशा दिल्या. वजन दोन्हीकडे सारखंच उतरलं, पण सकाळी भरपेट खाल्ल्यावर दिवसभराची भूक कमी राहिली. मला त्यातलं दुसरं वाक्य महत्त्वाचं वाटतं. तक्ता मोडतो तो भुकेनं, गणितानं नव्हे.

चालून आल्यावरची मिसळ

हरिपूर रस्त्यानं संगमेश्वरापर्यंत चालत जाणारी मंडळी रोज दिसतात. छान आहे. परत येताना टोळकं मिसळीच्या गाड्यावर थांबतं, तिथे गोची होते. ८० किलोचा माणूस तासभर चालून साधारण अडीचशे-तीनशे कॅलरी खर्च करतो. फरसाणात १०० ग्रॅमला पाचशेच्या वर असतात, शिवाय कट, शिवाय पाव, शिवाय ‘अजून जरा कट द्या’. मिसळ सोडा असं मी म्हणणार नाही, मलाही इथेच राहायचंय. आठवड्यातून एकदा, मटकी जास्त आणि फरसाण अर्धं सांगून, पाव एक. बाकीचे दिवस गाड्याच्या अलीकडच्या गल्लीतून घरी वळा.

बाकीच्या, झटपट

गूळ घातला म्हणजे चालतो: हळद आणि गुळाच्या बाजारपेठेत राहून हे बोलणं धाडसाचं आहे, पण कॅलरीत गूळ आणि साखर जवळजवळ सख्खे भाऊ. शिऱ्याला कुठला भाऊ घातला यानं कमरेला फरक पडत नाही.

मध-लिंबू-कोमट पाणी: पाणी चांगलं. मोठ्या चमचाभर मधात ६० कॅलरी. चरबी वितळत नाही, वितळते ती साजूक तुपाची, कढईत.

दुधीचा रस: चव कडू लागली तर थुंकून टाका आणि ग्लास ओता. कडू दुधी विषारी असतो, त्यानं माणसं दगावलेली आहेत. मला हा प्रकारच पटत नाही, भाजी करून खा.

चहा-खारी, चहा-बटर: हा नाष्टा नव्हे, मैदा आणि डालडा. ‘पचायला हलकी’ बिस्किटंही याच रांगेत.

उपासाची साबुदाण्याची खिचडी: नुसतं पिठूळ आणि तेल, त्या दिवशी उपास धरू नका, मेजवानी धरा.

मसाला ओट्सचं पाकीट: आपल्याकडे हुलग्याचं माडगं असताना कशाला? ज्वारीची भाकरी, वाटीभर दही, शेंगाची चटणी. मुगाचं धिरडं. खाणाऱ्यांना दोन उकडलेली अंडी, त्यात १२ ग्रॅम प्रथिनं. दहा वाजता पोटात काहीतरी टिकलेलं असायला हवं, एवढी एकच परीक्षा मी नाष्ट्याला लावते.

रोज काट्यावर उभं राहणं: काल रात्री पापड-लोणचं खाल्लं तरी आज काटा वर जातो, ते पाणी असतं. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, उठल्या उठल्या. आणि आकडा मला पहाटे मेसेज करू नका.

थायरॉइडची गोळी चहाच्या घोटाबरोबर: वजन हलत नाही म्हणून येणाऱ्या बायकांना मी आता हे पहिल्याच दिवशी विचारते. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि पुढचा अर्धा ते एक तास चहा-दूध काही नाही. चहा-दुधाबरोबर ती नीट शोषली जात नाही. ‘तेवढा वेळ काय करू चहाशिवाय?’ असं मिरजेच्या एका बाईंनी अगदी रडवेल्या आवाजात विचारलं होतं. पुढच्या खेपेला त्यांनीच सांगितलं, तेवढ्यात मटकी निवडून होते आणि भाकरीचं पीठ मळून होतं.