झुरळ दिसलं की लगेच स्प्रे नको, आधी ते कुठलं आहे ते बघा

दर जूनला आमच्याकडे हेच व्हायचं, पहिला जोराचा पाऊस पडला की मोरीतनं मोठाली लाल झुरळं वर यायची, मग कोणीतरी दुकानातून स्प्रे आणायचं आणि तोच स्प्रे ओट्याखाली, फ्रिजमागे, देवघराखाली सगळीकडे मारायचं. चार दिवस बरं वाटायचं की परत तेच. नंतर नीट बघितल्यावर कळलं की घरात दोन वेगळ्या जाती आहेत आणि दोघींच्या सवयी एकदम वेगळ्या, एकीला जो उपाय लागू पडतो तो दुसरीला लागतच नाही.

बघायचं कसं ते सांगते. रात्री जेवणं आवरून लाइट बंद झाल्या की दीडदोन तास थांबा आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन हळूच स्वयंपाकघरात जा. मारायला धावू नका, फक्त कुठे पळतात ते बघा, कारण ज्या फटीत शिरतात तिथेच बाकीची पण बसलेली असतात. एखादं मेलेलं मिळालं तर पांढऱ्या कागदावर ठेवून डोक्यामागची ढाल बघा, ओळख तिथेच पटते.

लहान, सव्वा ते दीड सेंटीमीटरचं, फिकट तपकिरी आणि ढालीवर दोन काळ्या उभ्या रेघा असतील तर ते जर्मन झुरळ. नाव जर्मन, पण २०२४ मध्ये त्यांच्या जनुकांचा अभ्यास झाला त्यात निघालं की हे आपल्याच बाजूचं, भारत किंवा म्यानमारकडच्या एशियन झुरळापासून साधारण २१०० वर्षांपूर्वी वेगळं झालेलं. हे गटारात राहत नाही, याला माणसाचं घरच लागतं. फ्रिजच्या मोटरजवळ, मिक्सरच्या तळाला, गॅसच्या शेगडीखाली, कपाटाच्या बिजागरीत, जिथे ऊब आणि पाणी दोन्ही जवळ असेल तिथे. मादी अंड्यांची पेटी पिल्लं निघायची वेळ होईपर्यंत शेपटीला लावून फिरते, एका पेटीत तीस-चाळीस अंडी, आणि आपल्या हवेत पिल्लू दोनेक महिन्यांत मोठं होतं, म्हणून ही एवढी पटापट वाढतात. दिवसाढवळ्या ओट्यावर फिरताना दिसली तर समजा की आत जागा पुरत नाहीये.

मोठं, साडेतीन-चार सेंटीमीटरचं, लालसर आणि ढालीच्या कडेला पिवळट पट्टा असेल तर ते अमेरिकन, ते मूळ आफ्रिकेतलं. हे मोरीत, गटारात, सेप्टिक टँकमध्ये राहतं आणि पावसात तिथे पाणी भरलं की वर येतं. उकाड्यात रात्री उडतं पण. याची मादी अंड्यांची पेटी एकदोन दिवसांतच कुठेतरी कोपऱ्यात चिकटवून मोकळी होते, राजम्याच्या छोट्या दाण्यासारखी गडद पेटी, आत साधारण पंधरा अंडी, आणि स्प्रे त्या पेटीच्या आत पोचत नाही.

तिसरं जरा कमी दिसतं, जर्मनएवढंच पण पाठीवर आडवे फिकट पट्टे. याला ओल कमी लागते म्हणून ते फोटोच्या फ्रेममागे, टीव्हीत, माळ्यावर, कपाटाच्या वरच्या खणात सापडतं. परसात कुंडीखाली किंवा शेणखतात काळपट झुरळं मातीत शिरताना दिसतात ती सुरिनाम झुरळं, ती घरात पसरत नाहीत, त्यांच्यामागे लागू नका. आणि पांढरं झुरळ ही वेगळी जात नाही हं, नुकतीच कात टाकलेलं असतं, काही तासांत रंग येतो.

आता उपाय. जर्मनसाठी जेल वापरा, म्हणजे झुरळं खातात ते विषारी औषध, फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिडवालं, मुगाएवढे बारीक ठिपके बिजागऱ्यांत, फटींत, फ्रिजमागे लावा, मुलांचा आणि मांजराचा हात पोचणार नाही असे. आणि तिथे स्प्रे अजिबात मारू नका, जेलवर स्प्रे पडला की झुरळं ते खात नाहीत आणि पांगून दुसऱ्या खोलीत जातात. रात्री ओटा आणि सिंक कोरडं पुसून ठेवा, अन्नाशिवाय ती महिनाभर काढतात पण पाण्याशिवाय दोनेक आठवडेच. सुकट, बोंबील, सोडे घट्ट झाकणाच्या डब्यातच. बोरिक पावडर चांगली आहे पण कोरडी असेपर्यंतच, आमच्याकडे जुलैत तिचा गोळा होतो.

मोठ्यासाठी औषधापेक्षा दुरुस्ती महत्त्वाची, मोरीला बारीक जाळी, पाइप भिंतीत शिरतो तिथली फट सिमेंटने बंद, चिऱ्यांमधले सांधे भरलेले, आणि भिंतीला टेकून रचलेली सोडणं (नारळाची सालं), झावळ्या, पातेरा (वाळका पाला) पावसाआधी लांब न्यायचा. हे मे महिन्यातच करून घ्या.

घरात एक काळी बारकी माशीसारखी दिसते, पोट झेंड्यासारखं वरखाली हलवत असते, तिला मारू नका प्लीज. ती गांधीलमाशीच्या जातीची आहे, माणसाला काही करत नाही, पण मोठ्या झुरळांच्या पेट्यांमध्ये अंडी घालते आणि तिची अळी आतली अंडी खाते.

गणपतीत घरी मुंबईहून माणसं येतात तेव्हा पुठ्ठ्याचे बॉक्स, जुना मिक्सर, मायक्रोवेव्ह असं सामान येतं, जर्मन झुरळ आमच्या गावच्या घरात असंच आलं. आता आम्ही बॉक्स पडवीतच उघडतो, सामान झटकून आत घेतो आणि पुठ्ठा त्याच दिवशी जाळून टाकतो.