यात्रेचं जेवण: पाहुणा म्हणून जाताना

सातारा जिल्ह्यात यात्रांचे दिवस सुरू झाले की एकेका माणसाला चार-चार घरची आमंत्रणं येतात. मार्गशीर्षात पुसेगाव आणि म्हसवड, पौषात पाल, रंगपंचमीला बावधनचं बगाड आणि मग चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा. शहरात वाढलेली मुलं, नव्या सुना-जावई अशा पंगतीत पहिल्यांदा बसतात तेव्हा बावरतात. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

निघण्याआधी

आदल्या दिवशी फोन करून किती जण येणार ते सांगा. आयत्या वेळी दोन माणसं वाढली तर चुलीपुढच्या बाईला पुन्हा पीठ मळावं लागतं. बऱ्याच गावांत एक दिवस पुरणपोळीचा गोडा नैवेद्य असतो आणि दुसऱ्या दिवशी खारा, म्हणजे मटणाचा. घरात कुणी माळकरी असेल किंवा कुणाचा वार, उपवास असेल, तर तेही फोनवरच सांगून टाका. मग वेगळं भांडं, वेगळी पळी ठेवता येते. ताटावर बसल्यावर सांगितलं की घरातल्या सगळ्यांचाच जीव कानकोंडा होतो.

जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. लेकरांना खाऊ, देवाला नारळ एवढं पुरे.

ताटावर

पाय धुऊन, मोठ्यांच्या पाया पडून मगच पंगतीत बसा. सगळ्यांना वाढून होईपर्यंत घासाला हात लावायचा नाही. यजमानाने "चला, करा सुरुवात" म्हटलं की मग.

खरी कसोटी आग्रहाची. वाढणारा एका हातात बादली, दुसऱ्या हातात ओगराळं घेऊन भराभर पुढे सरकत असतो. "पावणं, लाजू नगा" म्हणत तो वाकतो आणि आपण नको म्हणेपर्यंत रस्सा वाटीत पडलेला असतो. म्हणून तो शेजारच्या ताटाशी असतानाच डावा तळहात वाटीवर आडवा धरा आणि हसून, स्पष्ट म्हणा, "बास, पोटभर झालं." पहिल्या वाढपात मात्र नको म्हणू नये, त्यानं मन दुखावतं. भाकरी "अर्धीच वाढा, वैनी" म्हटलेलं सगळ्यांना चालतं. अन्न टाकण्यापेक्षा दोनदा मागून घेतलेलं केव्हाही बरं. चार घरी जायचं असेल तर प्रत्येक घरी थोडं थोडं जेवा, पण एका घरी पोट फुगेपर्यंत जेवून दुसऱ्या घरी नुसता चहा घेऊ नका. तिथंही कुणीतरी पहाटेपासून राबलेलं असतं.

रश्श्यात भाकरी चुरून पाची बोटांनी खा, भुरका मारा, त्यात काहीच गैर नाही. गैर आहे ते खरकट्या हाताने तांब्या उचलणं, भाकरीच्या टोपलीत हात घालणं. पाणी डाव्या हाताने घ्या. हाडकं ताटाच्या कडेला ठेवा, जमिनीवर टाकू नका. ताटात हात धुऊ नका. आणि फोन खिशातच राहू द्या.

आपलं आधी झालं तरी उठायचं नाही. शेजारी एखादे म्हातारे आजोबा सावकाश चावत असतात. पंगत उठली की त्यांनाही घास अर्धा टाकून उठावं लागतं. "सावकाश होऊ द्या" म्हणा आणि बसून राहा.

उठल्यावर

बहुतेक घरांत बायका शेवटी जेवतात. मला ही रीत पटत नाही. ती एका दिवसात बदलणार नाही, पण पाहुण्याला थोडं काही करता येतं. जेवून झाल्यावर तिथंच गप्पांचा फड जमवू नका, जागा मोकळी करा. पुढच्या पंगतीला वाढायला उभे राहा, विशेषतः पुरुषांनी आणि जावयांनीही. पातेल्याच्या तळाला चांगल्या फोडी उरल्यात का ते बघून मगच "आणखी हवं का" विचारत फिरा. स्वयंपाक आवडला असेल तर ते ओट्यापाशी जाऊन, जिने केला तिला सांगा.

निघताना "जातो" नव्हे, "येतो" म्हणायचं. कुंकू लावतील, घरी न्यायला डबाही देतील, तो घ्या. डबा परत करताना रिकामा धाडायचा नाही, आणि आपल्या गावची यात्रा कधी असते तेही त्याच वेळी सांगून आमंत्रण द्यायचं.