विषाची पुडी आणण्याआधी: कोंबड्यांच्या खाद्यावर उंदीर येत असतील तर या चुका टाळा

परसात चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "उंदरांवर कुठलं औषध टाकू?" माझा उलट प्रश्नही ठरलेला आहे. रात्री खाद्याचं भांडं कुठे असतं? "तिथेच, खुराड्यात" असं उत्तर आलं की मी औषधाचा विषय बंद करतो.

विष नको म्हणण्यामागे भूतदया कमी आणि हिशोब जास्त आहे. रक्त गोठू न देणारी जी विषं सर्रास विकली जातात, त्यांनी उंदीर मरायला काही दिवस लागतात. तेवढ्या काळात तो सुस्तावून उघड्यावर फिरतो आणि घुबडाच्या, मांजराच्या किंवा थेट कोंबडीच्या तावडीत सापडतो. कोंबडी फक्त दाणे टिपते असं ज्यांना वाटतं, त्यांनी तिला उंदराचं पिल्लू सापडल्यावर एकदा बघावं. ते विष मग तिच्या यकृतात साठतं, अंड्यातही उतरू शकतं. एवढं करून खाद्य तसंच सांडलेलं राहिलं, तर मोकळ्या झालेल्या बिळांत नवे भाडेकरू येतातच.

रात्रभर खाद्य ठेवणं

ही सगळ्या चुकांची आई. कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही, त्यामुळे दांडीवर बसली की ती खायला उतरत नाही. म्हणजे दिवेलागणीनंतर भांड्यात जे उरतं ते उंदरांचं. अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण 100 ते 120 ग्रॅम खाते, मोठा उंदीर 20 ते 25 ग्रॅम. पाच उंदीर म्हणजे एका कोंबडीचा खुराक, आणि मुतून, लेंड्या टाकून ते नासवतात ते वेगळंच.

"पण रात्री भूक लागली तर?" हे ऐकून कान किटले. संध्याकाळी कोंबडी गळ्याशी असलेली अन्नाची पिशवी गच्च भरून घेते आणि रात्रभर तेच पचवते. दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या छातीच्या वर बोट लावून पाहा, भरलेली पिशवी हाताला टणक लागते. म्हणून भांडं उन्हं असताना उचलू नका, तेव्हाच तर तिला पोटभर खायचं असतं. सगळ्या वर चढल्या की उचला.

माझी सवय अशी: सकाळी इतकंच घालायचं की संध्याकाळी मूठभर उरावं. कमी पडतंय असं वाटलं तर दुसऱ्या दिवशी थोडं वाढवायचं. उरलेलं डब्यात. पण नवशिक्यांना रविवारी आठवड्याचं भरून मोकळं व्हायचं असतं. मग उंदीरही आठवडाभर निवांत असतात.

सांडण्याचंही तेच. भांड्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला हवी आणि भांडं अर्ध्याच्या वर भरू नये, नाहीतर ती चोचीने उडवत बसते. भरड्यापेक्षा गोळी खाद्य कमी वाया जातं. आणि कोंबड्यांना आत घ्यायला संध्याकाळी दाणे उधळायची सवय असेल तर ती सोडा. एका ताटलीत मूठभर घेऊन बोलवा, येतात.

पायपट्टीच्या फीडरला वीट लावणं

कोंबडीने पट्टीवर पाय दिला की झाकण उघडतं, असा पत्र्याचा फीडर मिळतो. कल्पना उत्तम आहे. मोठी कोंबडी दीड-दोन किलोची, उंदीर बहुधा 250 ते 400 ग्रॅमचा. दोन-तीन उंदीर एकदम चढले तरी उघडू नये इतकी स्प्रिंग घट्ट करता येते. पिल्लं आणि अगदी छोट्या जातीच्या कोंबड्यांना मात्र तो झेपत नाही.

माझ्या एका परिचिताने असा फीडर आणला आणि पहिल्याच दिवशी पूर्ण चालू करून ठेवला. झाकण खाडकन आपटलं, कोंबड्या उधळल्या आणि परत जवळ फिरकल्या नाहीत. मग त्याने झाकणाखाली वीट लावली, "सवय होईपर्यंत". वीट तिथेच राहिली. "एवढा महागाचा फीडर आणला तरी उंदीर हटत नाहीत," अशी तक्रार आली म्हणून मी बघायला गेलो. झाकणाच्या कडेला उंदरांच्या अंगाच्या तेलकटपणाने काळा पट्टा उमटला होता. विटेवर लेंड्या होत्या. फीडर सरकवला तर बिळाचं तोंड बरोबर त्याच्या खाली. वरून पत्र्याचं छप्पर, आत कोरडी माती आणि जेवायला बाहेर पडायचीही गरज नाही. गृहस्थ म्हणाले, "फीडरच खराब आहे."

फीडर धडधाकट होता, घाई नडली. झाकण पूर्ण उघडं बांधून ठेवा, कोंबड्या बिनधास्त खायला लागल्या की अर्धं खाली आणा, मग सुटं सोडा. या सगळ्या काळात वीट लावा, दोरी बांधा, काय हवं ते करा, पण रात्री फीडर उचलून आत न्या. हे शेवटचं वाक्य लोक ऐकतच नाहीत.

प्लास्टिकचं पिंप आणि उघडं पोतं

पोत्याबद्दल बोलायलाच नको. प्लास्टिकला कड किंवा खाच मिळाली की उंदीर कुरतडून आत शिरतो. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडणं त्याला भागच आहे. घट्ट झाकणाचं पत्र्याचं पिंप घ्या, विटांवर ठेवा, आणि बूड गंजलं नाही ना हे अधूनमधून उलटं करून बघा.

कोंबडजाळीवर भरवसा

षटकोनी भोकांची ती पातळ जाळी कोंबड्या आत ठेवण्यासाठी असते. उंदराला बाहेर ठेवणं तिचं काम नाही. लहान उंदीर बारा मिलिमीटरच्या फटीतून जातो, अगदी छोटे घरउंदीर सहा मिलिमीटरच्या. म्हणून सहा मिलिमीटर किंवा त्याहून बारीक भोकांची चौकोनी वेल्डेड जाळी लावा. खालच्या बाजूला तीच जाळी बाहेरच्या दिशेने फूटभर जमिनीलगत पसरून वर माती टाका. उंदीर भिंतीलगत उकरायला लागतो, जाळी लागते, आणि फूटभर मागे जाऊन उकरावं हे त्याला सहसा सुचत नाही.

आज सापळा, उद्या निकाल

उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. चाप आणल्या आणल्या ताणू नका. काही दिवस नुसतंच आमिष लावून ठेवा, निर्धास्त खायला लागले की एका रात्री सगळे चाप एकदम ताणा. भिंतीला काटकोनात आणि झाकलेल्या खोक्यात, नाहीतर पहिली चोच कोंबडीची अडकेल.

बाकीचं थोडक्यात. आवाजाची यंत्रं: उंदरांना आवाजाची सवय होते, पैसे वाचवा. पुदिन्याचं तेल: खुराड्याला वास छान येतो, इतकंच. खाद्यात तिखट: पक्ष्यांना तिखटाची जळजळ जाणवत नाही हे खरं, पण घालताना तुमचे डोळे सोलून निघतील आणि भुकेला उंदीर तरीही खाईल. मांजर: पिल्लं धरेल, पूर्ण वाढलेल्या उंदराच्या नादी फारसं लागत नाही. चिकट सापळा: क्रूर आहे, शिवाय पाली आणि कोंबड्याही अडकतात. पाणी: तेही रात्री उचला.

चौथ्या दिवशी हार मानणं

खाद्य उचलायला लागलं की उंदीर लगेच जात नाहीत. आधी ते धीट होतात, कधी दिवसाही दिसतात. नेमकं इथे लोक म्हणतात, "काही उपयोग नाही," आणि पुडी आणतात. अहो, दिवसा दिसतोय म्हणजे तो उपाशी आहे! याच दिवसांत अंडी आणि पिल्लं जपायची असतात. अंडी संध्याकाळपर्यंत उचला, पिल्लांना रात्री बारीक जाळीच्या आत ठेवा. जुन्या लेंड्या कोरड्या झाडू नका, जंतुनाशकाच्या पाण्याने आधी भिजवा आणि हातमोजे घाला, उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. बिळांची तोंडं संध्याकाळी कागदाच्या बोळ्याने बंद करा. सकाळी जो बोळा बाहेर फेकलेला असेल ते बीळ अजून चालू आहे, सापळा त्याच्याजवळ. जो आठवडाभर जागचा हलला नाही, ते बीळ दगड-माती ठासून बुजवा.