पहिल्या पिकच्या पलीकडे: ॲस्ट्रोजचे ड्राफ्ट तपासताना शिकलेलं

संख्याशास्त्र शिकलेली मराठी मुलं-मुली मला अधूनमधून विचारतात, की अमेरिकेत बेसबॉल क्लबच्या विश्लेषण विभागात अर्ज करायचा तर सोबत काय जोडावं. माझं उत्तर ठरलेलं आहे. एक संघ घ्या, त्याचे लागोपाठ तीन-चार ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याचे वार्षिक कार्यक्रम, घ्या, सुरुवातीच्या फेऱ्यांमधल्या निवडींचा हिशोब मांडा आणि आपलं मत मोजक्या पानांत लिहा. पुण्यातून पुढच्या शिक्षणासाठी ह्यूस्टनला आले, तेव्हा मी बेसबॉल याच वाटेने शिकले. शहर ह्यूस्टन, म्हणून संघ ॲस्ट्रोज. पण त्यांचे 2012 ते 2015 हे ड्राफ्ट अभ्यासाला इतके भरलेले आहेत, की मी कुठल्याही शहरात असते तरी नवीन माणसाला तेच सुचवले असते.

आधी थोडी पार्श्वभूमी. मेजर लीग म्हणजे तिथली सर्वांत वरची बेसबॉल लीग; तिचा ड्राफ्ट 1965 पासून होतो. अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिको इथले शाळा-कॉलेजातले खेळाडू त्यात असतात. व्हेनेझुएला, डॉमिनिकन रिपब्लिकसारख्या देशांतली मुलं त्याबाहेर, थेट करारावर येतात. ॲस्ट्रोजचा होझे अल्टुवे असाच 2007 मध्ये अवघ्या 15 हजार डॉलरला आला. म्हणजे संघ कसा घडला याचं सगळं उत्तर ड्राफ्टमध्ये सापडत नाही, हे पहिल्याच पानावर लिहून ठेवावं. आयपीएलच्या लिलावात बहुतेक बोली तयार खेळाडूवर लागते. इथे मात्र बारावीतल्या मुलावर लाखो डॉलर लावून, तो मायनर लीगमधून, म्हणजे खालच्या स्तरांवरून, वर येईपर्यंत तीन, चार, पाच वर्षं वाट पाहायची असते. बरेच जण वर येतच नाहीत.

आता मुख्य गोष्ट, पैशाची. 2012 पासून नियम बदलले. पहिल्या दहा फेऱ्यांमधल्या प्रत्येक पिकला, म्हणजे निवडीच्या पाळीला, खेळाडूला सहीसाठी द्यायची एक रक्कम ठरवून दिलेली असते, तिला स्लॉट म्हणतात. क्लबच्या सगळ्या स्लॉटची बेरीज म्हणजे त्याचा बोनस पूल. एका खेळाडूवर स्लॉटपेक्षा कमी खर्च झाला, तर उरलेले पैसे दुसऱ्यावर लावता येतात. पूल पाच टक्क्यांपेक्षा जास्त ओलांडला, तर पुढच्या वर्षीचं पहिल्या फेरीचं पिक जातं. त्यामुळे एकेका खेळाडूला सुटं सुटं गुण देत बसण्यात अर्थ राहत नाही. आख्खी थैली कशी वाटली, ते बघायचं असतं. आणि याच कारणाने 2011 आणि 2012 हे ड्राफ्ट एका तक्त्यात शेजारी ठेवून तुलना करू नये. 2011 मध्ये असा पूलच नव्हता. त्या वर्षी पिट्सबर्गने पहिल्या फेरीत गेरिट कोलला 80 लाख डॉलर दिले आणि दुसऱ्या फेरीत जॉश बेलला 50 लाख. एक वर्षानंतर हे जमणारं नव्हतं.

2012 चा ॲस्ट्रोजचा ड्राफ्ट मी अनेकदा पुन्हा वाचते. आदल्या वर्षी 106 सामने हरलेला हा संघ, त्यामुळे पहिली निवड त्यांची. जनरल मॅनेजर जेफ लूनो नुकतेच आले होते. बायरन बक्स्टन हा शाळकरी आउटफिल्डर (मैदानाच्या बाहेरच्या भागातला क्षेत्ररक्षक) आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाचा पिचर (चेंडू टाकणारा) मार्क ॲपेल या दोन नावांची चर्चा सर्वांत जास्त होती. ॲस्ट्रोजने घेतला कार्लोस कोरेया, पोर्तो रिकोचा 17 वर्षांचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक. पहिल्या पिकचा स्लॉट 72 लाख डॉलरचा, कोरेयाने सही केली 48 लाखांवर. उरले 24 लाख. ते गेले कुठे? 41 व्या पिकवर लान्स मॅककलर्स हा फ्लोरिडाचा शाळकरी पिचर होता. त्याची मागणी मोठी असल्यामुळे तो खाली घसरला होता. साधारण साडेबारा लाखांच्या जागी त्याला 25 लाख दिले. चौथ्या फेरीत रियो रुईझला साडेअठरा लाख.

पुढे झालं ते असं: कोरेया 2015 चा अमेरिकन लीगमधला (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक, दुसरा नॅशनल लीग) सर्वोत्तम नवोदित ठरला. मॅककलर्सने 2017 मध्ये अमेरिकन लीगच्या अंतिम फेरीत, न्यूयॉर्क यँकीजविरुद्धच्या निर्णायक सातव्या सामन्यात, शेवटचे 24 चेंडू सलग कर्व्हबॉल (वळत खाली येणारे चेंडू) टाकले. मला मात्र रुईझ जास्त शिकवून जातो. आकडेवारीच्या पानावर त्याच्या नावापुढे ॲस्ट्रोजसाठी शून्य दिसतं, कारण तो त्यांच्याकडून मेजर लीगमध्ये खेळलाच नाही. पण जानेवारी 2015 मध्ये तो इतर खेळाडूंसोबत अटलांटाला गेला आणि बदल्यात आलेला इव्हान गॅटिस ॲस्ट्रोजच्या 2017 च्या विश्वविजेत्या संघात होता. म्हणून तक्त्यात एक रकाना ‘या खेळाडूच्या बदल्यात काय आलं’ असा हवाच. तो नसेल तर अर्धा ड्राफ्ट दिसत नाही.

दुसरा रकाना हवा ‘क्लबच्या हाती असलेली वर्षं’. मेजर लीगमधली साधारण सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत खेळाडू क्लबच्या ताब्यात असतो, आणि त्यातली पहिली तीनेक वर्षं अगदी कमी पगारात. ड्राफ्टमधून मिळणारं खरं धन हेच. नवीन मुलं आख्ख्या कारकिर्दीचा वॉर, म्हणजे बदली खेळाडूच्या तुलनेत मिळवून दिलेल्या विजयांचा अंदाज, बेरजेत धरतात. कोरेया 2022 मध्ये मिनेसोटाला गेला, त्यानंतरचा खेळ ॲस्ट्रोजच्या 2012 च्या निवडीच्या खात्यात धरू नये. बेसबॉल-रेफरन्स या संकेतस्थळावर वर्षागणिक आकडे मिळतात. तेवढं वेगळं काढायला थोडी मेहनत लागते, पण वाचणाऱ्याला तुमची समज तिथेच कळते.

2013 मध्ये पुन्हा पहिलं पिक. या वेळी ॲपेल, 63 लाख 50 हजार डॉलर. दुसऱ्या पिकवर शिकागो कब्सने क्रिस ब्रायंटला घेतलं. तो 2015 मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित आणि 2016 मध्ये सर्वांत मौल्यवान खेळाडू झाला. ॲपेल ॲस्ट्रोजसाठी एकही सामना खेळला नाही. 2018 मध्ये तो खेळापासून दूर झाला, मग परतला आणि जून 2022 मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, फिलाडेल्फियाकडून मेजर लीगमध्ये उतरला. त्या पदार्पणाचा मला मनापासून आनंद झाला होता.

पण ही निवड ‘वाईट’ होती का? इथे सगळे घाई करतात. निकाल वाईट होता, यात वादच नाही. निवड मोजायची तर ड्राफ्टच्या दिवसापर्यंत जे माहीत होतं तेवढंच समोर ठेवावं लागतं. त्या दिवशीच्या बहुतेक याद्यांमध्ये ॲपेल, ब्रायंट आणि जॉन ग्रे हीच तीन नावं वर होती. ॲपेलवर स्लॉटपेक्षा चौदा-एक लाख वाचलेही. माझ्या मते टीका करायची तर ती वेगळ्या मुद्द्यावर: पिचरच्या खांद्या-कोपराचा धोका फलंदाजापेक्षा मोठा असतो, हे तेव्हाही माहीत होतं. दोन जवळजवळ सारख्या दर्जाच्या नावांमध्ये फलंदाजाकडे झुकायला हवं होतं. हे मत मी जुन्या याद्या वाचून बनवलं आहे, ब्रायंटची ट्रॉफी बघून नाही. तुम्हीही ड्राफ्टच्या आधी छापलेल्या क्रमवाऱ्या शोधून काढा. बेसबॉल अमेरिकासारख्या नियतकालिकांच्या जुन्या याद्या सापडतात. त्या वाचल्याशिवाय एकही वाक्य लिहू नका. 2009 मध्ये माइक ट्राउटच्या आधी 24 नावं पुकारली गेली होती, आणि त्यांतलं लगेच आधीचं, रँडल ग्रिचक, खुद्द ट्राउटला घेणाऱ्या एंजल्सनेच पुकारलं होतं. मागे वळून बघताना जे उघड वाटतं, ते त्या सकाळी कुणालाच उघड नसतं.

2014 हे सर्वांत अवघड प्रकरण. सलग तिसऱ्यांदा पहिलं पिक, आणि ब्रेडी एकन हा सान दिएगोचा शाळकरी डावखुरा पिचर. 65 लाखांवर बोलणं झालं. मग वैद्यकीय तपासणीत कोपराच्या लिगामेंटबद्दल शंका आली, क्लबने रक्कम खाली आणली, शेवटी 50 लाखांपर्यंत वर गेले, मुदत संपली आणि सही झालीच नाही. एकनची सही न झाल्याने त्या पिकचा स्लॉट पूलमधून गेला. त्याबरोबर जेकब निक्स या दुसऱ्या पिचरशी 15 लाखांवर ठरलेला करारही बारगळला. एकनच्या कोपरावर 2015 च्या मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि तो मेजर लीगपर्यंत पोहोचला नाही. ॲस्ट्रोजला भरपाई म्हणून 2015 चं दुसरं पिक मिळालं. त्यावर ॲलेक्स ब्रेगमन आला. त्याच ड्राफ्टमध्ये पाचव्या पिकवर काइल टकर आणि 37 व्या पिकवर 40 लाखांना डॅझ कॅमेरॉन. हा कॅमेरॉन 2017 मध्ये जस्टिन व्हर्लँडरच्या बदल्यात डेट्रॉइटला गेलेल्या तिघांपैकी एक.

हिशोबाच्या वहीत 2014 आणि 2015 मी एका ओळीत मांडते, कारण एक नसता तर दुसरा नसता. पण निक्सच्या बाबतीत जे झालं ते या ओळीत लपू देऊ नये. ज्याला दिलेला शब्द पाळला गेला नाही, असा एक अठरा वर्षांचा मुलगा त्या बेरजेच्या खाली उभा आहे. आकड्याने नफा दिसतो म्हणून ते वागणं योग्य ठरत नाही. अहवालात दोन्ही वेगवेगळं लिहावं, एवढं धैर्य विश्लेषकाकडे हवं.

2017 च्या विजेतेपदाबाबतही हेच. विरोधी कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) पुढचा चेंडू कसा टाकायचा हे पिचरला ज्या खुणांनी सांगतो, त्या कॅमेऱ्याने चोरल्याबद्दल जानेवारी 2020 मध्ये क्लबला 50 लाख डॉलर दंड झाला, आणि 2020 व 2021 च्या ड्राफ्टमधली पहिल्या व दुसऱ्या फेरीची पिकं काढून घेतली गेली. लूनो यांची नोकरी गेली. म्हणून ‘विश्वविजेते झाले, म्हणजे ड्राफ्ट उत्तम’ हे वाक्य तुमच्या अहवालात नको. त्या वर्षीच्या फलंदाजीच्या आकड्यांखाली टीपही हवी.

साधनांबद्दल थोडक्यात. आर किंवा पायथन यांपैकी एक नीट यावं, लाहमन डेटाबेस (बेसबॉलच्या जुन्या आकडेवारीचा साठा) हाताळता यावा, फॅनग्राफ्स हे विश्लेषणाचं संकेतस्थळ वाचायची सवय असावी. बाकी शिकता येतं. पण मैदानावर जा. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये मराठी घरं आहेत आणि ॲस्ट्रोजचा ट्रिपल-ए, म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालच्या पायरीवरचा, संघही तिथेच खेळतो. स्वस्त तिकिटात अशा खेळाडूंना जवळून बघता येतं. स्काउट लोक, म्हणजे क्लबांसाठी खेळाडू हेरणारे, हातात चेंडूचा वेग मोजणारी रडार गन घेऊन फलंदाजाच्या मागच्या बाजूला बसलेले असतात. त्यांच्याशी बोला. पिचरच्या तिसऱ्या प्रकारच्या चेंडूबद्दल ते जे सांगतात, ते तक्त्यात अजून आलेलं नसतं.

पहिला सराव म्हणून 2015 चंच पहिलं पिक घ्या. ॲरिझोनाने व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा शॉर्टस्टॉप डॅन्सबी स्वॉन्सन निवडला, आणि साधारण सहा महिन्यांनी, डिसेंबरमध्ये, शेल्बी मिलर या पिचरसाठी इतर दोघांसोबत त्याला अटलांटाला देऊन टाकला. 2021 मध्ये अटलांटा विश्वविजेता झाला तेव्हा शॉर्टस्टॉपला स्वॉन्सनच होता. आता त्या ड्राफ्टबद्दल लिहा: स्काउटिंग विभागाला किती गुण, जनरल मॅनेजरला किती, आणि दोन्ही वेगळे करताना तुम्ही रेष कुठे ओढली.