पेशी वाढल्या म्हणजे इस्ट्रोजेन वाढलं असं नव्हे

स्तनाच्या कर्करोगावर पीएचडी सुरू केली की कुणीतरी सांगतंच: एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशींवर आयजीएफ-१ हा ग्रोथ फॅक्टर (पेशींना वाढायचा निरोप देणारं प्रथिन) घाल, वाढ मोज, पेपर तयार. ऐकू नका.

आयजीएफ-१ दिलं की पेशी वाढतात, पीएस-२ सारखी इस्ट्रोजेनच्या हुकमातली जनुकंही चढतात, म्हणजे जास्त सक्रिय होतात. मग लिहावंसं वाटतं, ‘ग्रोथ फॅक्टरमुळे इस्ट्रोजेन जास्त बनलं.’ मी इथेच अडकले होते. ग्रोथ फॅक्टरचा निरोप पेशीतल्या एमएपी कायनेझ या एन्झाइममार्फत थेट इस्ट्रोजेन रिसेप्टरला (इस्ट्रोजेन ज्याला चिकटून जनुकं चालू करतं त्या प्रथिनाला) पोचतो. रिसेप्टरच्या ११८व्या जागी असलेल्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसतो आणि इस्ट्रोजेन नसतानाही तो कामाला लागतो. शिगेआकी कातो यांच्या गटाने हे १९९५ मध्येच दाखवलंय. तेव्हा चारकोलने धुऊन संप्रेरकं काढलेल्या सीरममध्ये, इस्ट्रोजेन बनवायचा कच्चा माल काहीच न देता, नुसतं आयजीएफ-१ घालून बघा. जनुक तरीही चढलं, तर ते उत्पादन नव्हे. रिसेप्टर बंद पाडणाऱ्या फुल्वेस्ट्रंट या औषधाने उतरलं, तर सगळी करामत रिसेप्टरची.

उत्पादन म्हणायचं तर तयार झालेला माल मोजा, तोही दर मिलिग्रॅम प्रथिनामागे. नाहीतर पेशी दुप्पट झाल्या म्हणून इस्ट्रोजेन दुप्पट दिसेल. एमसीएफ-७ मध्ये अरोमाटेज, म्हणजे अँड्रोजेनपासून इस्ट्रोजेन बनवणारं एन्झाइम, मुळात फार कमी. तिथे बघायचं ते सौम्य इस्ट्रोनचं जोरकस इस्ट्राडायोल करणारं १७-बीटा-एचएसडी टाइप १ आणि सल्फेट काढून इस्ट्रोन मोकळं करणारं सल्फेटेज. आयजीएफ-१ आणि आयएल-६, टीएनएफ-अल्फा ही दाहाचे निरोप देणारी प्रथिनं यांनी ही एन्झाइमं तेज होतात. लेट्रोझोल घालून परिणाम टिकला, म्हणून ‘उत्पादन नाहीच’ असंही म्हणू नका. ते फक्त अरोमाटेज अडवतं, सल्फेटेजची वाट मोकळीच राहते.

घाबरू नका, एवढं कळलं की पुढचं काम हाताला वळण लागण्याचं. फिनॉल रेड (हा रंग स्वतःच थोडा इस्ट्रोजेनसारखा वागतो) नसलेला मीडिया वगैरे तुम्हाला माहीत असेलच. पेशी मात्र शेजारच्या लॅबमधून उसन्या आणू नका. पैसे जाऊ देत, पुण्याच्या एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या) पेशी-भांडारातून मागवा. एकाच नावाच्या एमसीएफ-७ वेगवेगळ्या वागतात. शंका आली तर गाइडच्या आधी कल्चर रूममधल्या सिनिअरला गाठा, हे माझं ठाम मत.

आणि अरोमाटेजवरच काम करायचं असेल, तर गाठीशेजारच्या चरबीतल्या फायब्रोब्लास्टकडे (आधार-ऊतीच्या पेशींकडे) वळा. गाठीतून येणाऱ्या पीजीई-२ या संदेशवाहक रेणूमुळे तिथे अरोमाटेजच्या जनुकाचा प्रमोटर (जनुक चालू करणारा भाग) आय.४ वरून आय.३ आणि दोनवर सरकतो, आणि अरोमाटेज वाढतं. ट्रिटियमवालं (किरणोत्सारी हायड्रोजन लावलेलं) अँड्रोस्टेनडायोन हा अरोमाटेजचा कच्चा माल दिला की पाण्यात सुटलेलं ट्रिटियम मोजून अरोमाटेजचं वाढलेलं काम दिसतं.