ब्रॅडफर्ड पद्धतीनं प्रथिन मोजताना
पद्धत १९७६ सालची, पण आमच्या लॅबमध्ये रोजची. कूमासी रंग फ्रीजमधून काढून आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पहिल्या वर्षी मी थंडच ओतायचे आणि आकडे दर वेळी वेगळे. गाइडची बोलणी खाल्ली ती निराळीच. बीएसए या गाईच्या रक्तातल्या प्रथिनाचे, किती आहे ते माहीत असलेले पाच-सहा प्रमाण नमुने लावा, शेजारी तुमचा, सगळं तीन-तीनदा. प्रथिन मिळालं की तांबूस-तपकिरी रंग निळा होतो. पाच मिनिटं थांबून ५९५ नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषला जातो याचं वाचन घ्या, तासाच्या आत उरका. क्वार्ट्झची क्युव्हेट (वाचनासाठी नमुना भरायची छोटी नळी) नको, रंग चिकटून बसतो, प्लॅस्टिकची बरी. नमुन्यात एसडीएस (साबणासारखं रसायन) जास्त असेल तर ही पद्धत सोडाच. आणि हातमोजे घाला. माझं बोट निळं बघून मेसच्या काकूंनी विचारलं होतं, "मतदान कुठं होतं गं आज?"